सॅक्सोफोन आणि तंतुवाद्यवृंद : गोमंतकीय वादकांचे द्विभाषिकत्व

१. प्रश्नाचे स्वरूप

जाझ संगीतातील सॅक्सोफोनवादक आणि तरुण वादकांचा तंतुवाद्यवृंद यांनी एकाच व्यासपीठावर जलसा करावा, ही कल्पना आज कोणास विचित्र वाटत नाही. तथापि या दोहोंना एकत्र आणताना जी अडचण येते, तिचे नेमके स्वरूप क्वचितच स्पष्ट केले जाते. सामान्य समजूत अशी की, अडचण वाद्यांच्या ध्वनींची आहे. एक वाद्य कर्कश, दुसरी मृदू, म्हणून त्यांचे जमत नाही. प्रस्तुत लेखकास हे निदान पटत नाही. अडचण ध्वनीची नसून वाचनाची आहे. तंतुवाद्यवृंद लिहिलेले वाजवितो. जाझवादक लिहिलेल्याच्या पलीकडचे वाजवितो. लिखित परंपरा आणि मौखिक परंपरा यांची ही गाठ आहे, आणि म्हणूनच भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याविषयी दोन शब्द लिहिल्यास ते अनधिकाराचे ठरू नये.

ही गाठ पश्चिमेकडे एका रीतीने सोडविली गेली आणि मुंबईत निराळ्या रीतीने. पश्चिमेकडे दोन पंथांचे वादक समोरासमोर बसविण्यात आले. मुंबईत मात्र हे दोन्ही पंथ बहुधा एकाच माणसाच्या ठिकाणी नांदत होते. आणि तो माणूस पुष्कळदा गोमंतकीय होता. या दुसऱ्या रीतीचा इतिहास पुरेसा लिहिला गेलेला नाही. तो का लिहिला गेला नाही, हाही या लेखाचा विषय आहे.

वऱ्हाड-नागपूरकडील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु तो वाटतो तितका दूरचा नाही. मुंबईकडील लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, आणि पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो कलकत्त्याशी जोडला. वर्धा आणि नागपूर यांच्या दरम्यान असलेले बुटीबोरी हे स्थानक याच मार्गावर येते. मुंबई आणि कलकत्ता ही हिंदुस्थानातील जाझची दोन मुख्य ठाणी. त्यांना जोडणाऱ्या मार्गांपैकी एक असा आपल्या दारावरून गेलेला आहे. शिवाय हिंदी चित्रपटसंगीतात जाझच्या वाद्यमेळास ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत मोकळेपणाने वाव दिला, ते सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचे प्रारंभीचे संगीतशिक्षण नागपुरासच शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. तेव्हा हा इतिहास सर्वस्वी परक्या मुलखातला नाही.

२. लेखन आणि उच्चार

प्रथम वाद्यांविषयी आवश्यक तेवढे सांगणे योग्य होईल. सॅक्सोफोन हे वाद्य बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडोल्फ साक्स याने निर्माण केले आणि १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे एकस्व मिळविले. त्याचे अंग पितळेचे असले तरी ध्वनी वेताच्या पातळ पत्तीतून निघतो. म्हणून वाद्यांच्या वर्गीकरणात ते क्लॅरिनेटच्या कुळात, काष्ठवाद्यांत, मोडते. मैदानावरील लष्करी बँडमध्ये ते प्रथम रुळले. तंतुवाद्यांशी त्याची सलगी उशिराची आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची घडण ज्या काळात पक्की झाली, त्या काळात हे वाद्य अस्तित्वातच नव्हते. यामुळे वाद्यवृंदात त्यास कायमची जागा मिळाली नाही.

लेखनाच्या दृष्टीनेही या वाद्याची एक खोड आहे. ऑल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ‘सी’ हा स्वर लिहिला तर वाद्यातून ‘ई फ्लॅट’ निघतो. व्हायोलिनच्या कागदावर मात्र जे लिहिले तेच वाजते. म्हणून या दोहोंसाठी रचना लिहिणाऱ्यास एकच स्वर दोन कागदांवर दोन निरनिराळ्या ठिकाणी मांडावा लागतो. तथापि ही अडचण केवळ हिशेबाची आहे. नवशिका रचनाकारही ती अल्पावधीत आत्मसात करतो.

खरी अडचण लयीची आहे. जाझमध्ये दोन समान मूल्यांचे स्वर कागदावर समानच लिहिले जातात, परंतु वाजविताना पहिला लांब आणि दुसरा आखूड होतो. हे लांबआखूडपण किती, हे लय जलद की संथ यावर आणि वादकाच्या घडणीवर अवलंबून असते. ते कोठेही लिहिलेले नसते. मराठी वाचकास याचे मर्म चटकन कळावे. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांत आपण एकच ‘च’ लिहितो, पण उच्चार दोन करतो. ‘जग’ हा शब्द सृष्टी या अर्थी एका रीतीने उच्चारला जातो, आणि ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी रूप म्हणून निराळ्या रीतीने. लेखनात मात्र तिळमात्र भेद नाही. मराठी ज्याची मातृभाषा आहे, त्यास हा भेद शिकवावा लागत नाही. ज्याने मराठी केवळ पुस्तकातून शिकली, तो मात्र सर्वत्र एकच ‘ज’ उच्चारील, आणि त्याचे वाचन शुद्ध असूनही कानास परके वाटेल.

तंतुवाद्यवृंदातील निष्णात वादकापुढे जाझची रचना ठेवली असता हाच प्रकार घडतो. तो लिहिलेले अचूक वाजवितो आणि ते चूक ठरते. त्यात आणखी भर अशी की, वृंदातील सर्व व्हायोलिनांचे गज एकाच वेळी एकाच दिशेने जावे लागतात. गजाची ही शिस्त हाच वृंदाचा प्राण होय. एकट्या वादकाने लय किंचित मागे ओढली तर ती उपज ठरते. बारांपैकी एकाने ती ओढली तर तो दोष ठरतो. तरुण वादकांच्या वृंदात हा पेच अधिकच तीव्र होतो. कारण विद्यार्थ्याची सारी वर्षे लिहिलेले जसेच्या तसे वाजविण्याची सवय लावण्यात गेलेली असतात, आणि आता त्यास सांगितले जाते की, लिहिलेल्यावर सर्वस्वी विश्वास ठेवू नकोस.

३. पश्चिमेकडील तोडगे

हा पेच अमेरिकेत कसा सोडविण्यात आला, हे पाहिल्यास मुंबईतील रीतीचे वेगळेपण उठून दिसते. ऑल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याने १९४९ च्या अखेरीस तंतुवाद्यांसह ध्वनिमुद्रण केले. तेथे तंतुवाद्यांकडे लिहिलेली संथ साथ सोपविण्यात आली, आणि पार्करने तिच्यावरून स्वतःची उपज मांडली. जाझच्या लयीचा भार तंतुवाद्यांवर पडू दिला नाही, हे त्या योजनेतील शहाणपण होय; पण त्याच कारणाने दोन्ही पक्षांमधील संवादही मर्यादित राहिला. पुढे १९६१ मध्ये टेनर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याच्यासाठी एडी सॉटर याने तंतुवाद्यांची स्वयंपूर्ण रचना लिहिली आणि सॅक्सोफोनसाठी मुळीच काही लिहिले नाही. गेट्झने ती रचना ऐकत ऐकत आपला भाग तेथल्या तेथे निर्माण केला. पहिल्या प्रयोगाहून हा प्रयोग अधिक धीट आहे. परंतु मूळ विभागणी येथेही कायमच राहिली : तंतुवाद्ये वाचणार, सॅक्सोफोन बोलणार.

इंग्लंडमधील तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व रचनाकार जॉन मेयर यांनी मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले आणि १९५२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे जमैकात जन्मलेला ऑल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्यासह त्यांनी दहा वादकांचा मेळ उभा केला. त्यांची ‘इंडो-जाझ सूट’ ही ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पाच वादक जाझचे, पाच हिंदुस्थानी पक्षाचे; पहिल्या पक्षाचा नेता सॅक्सोफोनवादक, दुसऱ्याचा व्हायोलिनवादक. प्रयोग महत्त्वाचा खरा, पण त्याची रचनाच दोन पक्षांची होती. दोन भाषा बोलणारे दोन समाज एका सभागृहात बसले आणि दुभाष्याने काम चालविले, असे त्याचे वर्णन करता येईल.

४. चर्चशाळेतून ताजमहाल हॉटेलात

मुंबईत दुभाष्याची गरज फारशी भासली नाही. याचे कारण शोधण्यासाठी गोमंतकात जावे लागते.

पोर्तुगीज सत्तेच्या काळात, सोळाव्या शतकापासून, गोव्यातील चर्चना जोडून शाळा निघाल्या आणि तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबरच स्वरवाचन शिकविले जाऊ लागले. चर्चमधील उपासनेस गायक आणि वादक हवे असत. ते तयार करणे हा या शिक्षणाचा हेतू होता. स्वर नावांनी म्हणण्याचा अभ्यास आधी, वाद्य नंतर. आणि वाद्य म्हणजे बहुधा व्हायोलिन. कोकणीत व्हायोलिनला ‘रेबेक’ म्हणतात. तो पोर्तुगीज ‘रबेका’ या शब्दाचा अपभ्रंश होय. पाव, बटाटा, चावी, फीत आणि पगार हे शब्द ज्या संपर्कातून मराठीत आले, त्याच संपर्कातून हे वाद्य पश्चिम किनाऱ्यावरील खेड्यांत पोहोचले. यातील ‘पगार’ हा शब्द पुढील इतिहासाच्या दृष्टीने अगदीच अप्रस्तुत नाही. गावात उपजीविकेची साधने अपुरी, आणि हाती पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याची विद्या. या परिस्थितीत गोमंतकीय तरुण ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यमेळ, मूकपटांची चित्रपटगृहे आणि हॉटेले यांत नोकरीस गेले. वाचता येत होते म्हणूनच त्यांना पगार मिळाला.

जाझ त्यांना भेटले ते या नोकरीत. १९३५ मध्ये लिऑन अॅबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा मेळ मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ मध्ये तेथेच मरण पावला. या वादकांच्या सान्निध्यात येथील वादकांना जाझचा ‘उच्चार’ कानाने मिळाला; ध्वनिमुद्रिकांवरून जे अर्धेमुर्धे कळत होते, ते शेजारी बसून ऐकल्यावर पूर्ण कळले. १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमधील मेळाचे नेतृत्व मिकी कोरिया या गोमंतकीय सॅक्सोफोनवादकाकडे होते. कावसजी खटाव हे पारशी गृहस्थ ‘रूडी कॉटन’ या नावाने सॅक्सोफोनवादक म्हणून प्रसिद्धीस आले. हळदोणे येथील आंतोनियो शाव्हिएर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले.

या पिढीची घडण लक्षात घेतली पाहिजे. लेखन त्यांनी बालपणी चर्चशाळेत, बहुधा व्हायोलिनवर, आत्मसात केले. बोली तरुणपणी हॉटेलातील व्यासपीठावर उचलली. भाषाशास्त्रात ज्यास आपण द्विभाषिकत्व म्हणतो, त्याचेच हे सांगीतिक रूप आहे. द्विभाषिक मनुष्य दोन भाषा बोलतो एवढेच नव्हे. कोणत्या प्रसंगी कोणती बोलावी, हेही तो जाणतो. एकच कागद समोर असता ‘हे चर्चमधले वाचन’ आणि ‘हे नृत्यगृहातले वाचन’ असा भेद या वादकांच्या हातास सहज साधत असे.

५. ध्वनिमुद्रणगृहातील वाद्यवृंद

स्वातंत्र्याच्या आगेमागे या वादकांच्या उपजीविकेत मोठी उलथापालथ झाली. ब्रिटिश अधिकारी आणि सैनिक निघून गेले. संस्थाने विलीन झाली. फाळणीमुळे लाहोर आणि कराची येथील हॉटेलांतील मेळ तुटले. आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मुंबईतील रात्रजीवनाचा आधारच काढून घेतला. त्याच सुमारास चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मात्र वाढत होता. परिणामी जाझवादक ध्वनिमुद्रणगृहांत शिरले. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात ज्यांचा मेळ होता, ते सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे दीर्घकाळ वाद्यवृंदसंयोजक झाले. गायकाच्या ओळीखालून व्हायोलिन आणि चेलो यांची एक समांतर, वाहती ओळ नेण्याची त्यांची हातोटी त्या काळच्या चित्रपटगीताची ओळख ठरली. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटात तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात.

ध्वनिमुद्रणाची त्या काळची रीत ध्यानात घेतल्यास या वादकांच्या द्विभाषिकत्वाचे मोल कळते. गायक, ताल, तंतुवाद्ये आणि सुषिरवाद्ये ही सर्व एकाच वेळी एकत्र वाजत. एकाची चूक झाली तर सारे पुन्हा प्रथमपासून. संगीतकार चाल तोंडी सांगे. वाद्यवृंदसंयोजक ती स्वरलेखनात उतरवी आणि तिच्याभोवती वाद्यवृंद रचे. वीस-तीस व्हायोलिने ती वाचीत. आणि मध्ये एखादा सॅक्सोफोन लिहिलेल्या ओळीस हिंदुस्थानी गळ्यासारखी मींड देऊन वाजवी. मौखिकातून लिखित आणि लिखितातून पुन्हा मौखिक, असा हा दुहेरी प्रवास एका दिवसाच्या आत पूर्ण होई. कलकत्त्यात वाढलेले आणि १९५८ मध्ये मुंबईस आलेले मनोहारी सिंह यांच्या सॅक्सोफोनची कीर्ती याच कौशल्यावर उभी आहे. ते गोमंतकीय नव्हते. पण वाचन आणि कान या दोहोंची जोड त्यांच्या ठायीही होती. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ ही १९६८ ची ध्वनिमुद्रिका, जीत रईस खान यांची सतार आणि मनोहारी सिंह यांचा सॅक्सोफोन एकत्र आले, तीही याच वातावरणाचे फळ होय.

अर्थात दोष दाखविणारेही होते. हे संगीत ‘मिश्र’ आहे, धड हिंदुस्थानी नाही आणि धड विलायतीही नाही, असा आक्षेप अनेकदा घेण्यात आला. भाषाशुद्धीच्या वादात असाच आक्षेप मराठीवर घेण्यात आला होता. त्याचे उत्तरही दोन्ही ठिकाणी एकच आहे. उसना शब्द भाषेच्या विभक्ती स्वीकारून वागू लागला की तो उसना राहत नाही. ‘चावीने’, ‘पगारात’, ‘बटाट्याची’ म्हणताना कोणास पोर्तुगीज आठवत नाही. सॅक्सोफोनने मींड स्वीकारली आणि व्हायोलिनांनी रागाची चाल स्वीकारली, तेव्हा त्यांनाही आपल्या विभक्ती लागल्या असे समजावे. मात्र उपमा येथेच थांबविली पाहिजे. शब्दास पोट नसते, वादकास असते; आणि त्याच्या श्रमाचे श्रेय कोणास मिळाले, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या उपमेने सुटत नाही.

६. मुलांचा वाद्यवृंद आणि १९५८ चा प्रयोग

या इतिहासाचा तरुण वादकांशी असलेला संबंध दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. मंगेशकर कुटुंबाने चालविलेल्या ‘सुरील कला केंद्र’ या मुलांच्या संगीतसंस्थेत लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा या दोन बालवादकांची भेट झाली. लक्ष्मीकांत यांचा जन्म १९३७ चा, प्यारेलाल यांचा १९४० चा. एकाच्या हाती मेंडोलिन, दुसऱ्याच्या हाती व्हायोलिन. घरची गरिबी दोघांचीही. वयाच्या ज्या टप्प्यावर इतर मुले शाळेत असतात, त्या टप्प्यावर ही दोन मुले मोठ्यांच्या वाद्यवृंदात बसून मिळकत करीत होती. तरुणांचा वाद्यवृंद या शब्दांनी आज जे निश्चिंत चित्र उभे राहते, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही. पण त्या वृंदात घडलेल्या मुलांनी पुढे हिंदी चित्रपटसृष्टीतील सर्वांत भव्य तंतुवाद्यवृंदांपैकी काही उभे केले, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नोंदण्याजोगी आहे.

प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस. त्यांचा जन्म १९२७ मध्ये गोव्यातील माजोर्डा येथे झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक. १९४३ मध्ये ते मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वादक आणि संयोजक म्हणून नावारूपास आले. राहुल देव बर्मन हेही त्यांचे विद्यार्थी. सोबतच्या बहुतेक वादकांहून गोन्साल्विस यांची ओढ निराळी होती. हिंदुस्थानी राग हा केवळ गीताच्या मध्यंतरात डोकावणारा पाहुणा न राहता मोठ्या वाद्यवृंदाचा मुख्य आशय व्हावा, असे त्यांना वाटे. या हेतूने त्यांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात झालेल्या त्याच्या जलशात शंभरावर वादक होते आणि लता मंगेशकर व मन्ना डे हे गायक होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हा जलसा निर्णायक महत्त्वाचा आहे. एका बाजूस वाचणारा मोठा तंतुवाद्यवृंद, दुसऱ्या बाजूस मौखिक परंपरेत वाढलेला एकटा कलावंत : सॅक्सोफोन आणि तंतुवाद्यवृंद यांच्या जलशात जी गाठ असते, नेमकी तीच येथे होती, फक्त सॅक्सोफोनच्या जागी गळा होता. आणि ती गाठ सोडविणारे वादक हे हॉटेलातील नृत्यमंच, चर्चमधील वेदी आणि ध्वनिमुद्रणगृह या तिन्ही ठिकाणी वावरलेले होते. त्याच वर्षी डेव्ह ब्रूबेक याचा मेळ हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता आणि त्यात पॉल डेस्मंड हा सॅक्सोफोनवादक होता. परदेशी पाहुण्यांचा तो दौरा जाझच्या इतिहासात वारंवार उल्लेखिला जातो. गोन्साल्विस यांच्या प्रयोगाचा उल्लेख त्या मानाने फारच थोड्या ठिकाणी सापडतो.

गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद टिकला नाही. शंभर वादकांचा पगार चालविण्याइतके आर्थिक बळ त्यामागे नव्हते. आणि ज्या चित्रपटसृष्टीने ते बळ दिले असते, तिला तीन-चार मिनिटांच्या गीतापलीकडील रचनेची गरज नव्हती. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर, गोव्यात राहिले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यान १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचे नाव एका गीतात गुंफले आणि ते नाव घरोघरी पोहोचले. नाव सर्वांस ठाऊक, आणि माणूस कोणासच ठाऊक नाही, असा हा दैवदुर्विलास होय. शिष्याची गुरुदक्षिणा खरी. पण श्रोत्यांनी ती विनोदी पात्राचे नाव म्हणून ऐकली.

७. नामोल्लेखाचा प्रश्न

येथे या लेखातील मूळ प्रश्न येतो. गोमंतकीय वादकांचे द्विभाषिकत्व इतके मोलाचे होते, तर त्याचा इतिहास का उरला नाही?

पहिले कारण असे की, त्यांचे कौशल्य दोन्ही परंपरांच्या नोंदपद्धतींतून निसटते. पाश्चात्त्य पद्धतीत रचनाकाराचे नाव नोंदले जाते. येथे रचनाकार म्हणून संगीत दिग्दर्शकाचे नाव लागले. हिंदुस्थानी पद्धतीत गाणाऱ्याचे नाव राहते. येथे ते पार्श्वगायकाचे राहिले. मधला मनुष्य, जो चाल लिहितो आणि लिहिलेल्यास बोलते करतो, त्यास दोन्ही पद्धतींत नाव नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत फार तर ‘साहाय्यक’ म्हणून उल्लेख येई. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत सेबॅस्टियन आणि तालवादक दत्ताराम यांची नावे अशी आढळतात. सॅक्सोफोन अथवा व्हायोलिन वाजविणाऱ्याचे नाव ध्वनिमुद्रिकेवर सहसा नसे. दुसरे कारण कागदांचे. ध्वनिमुद्रण झाले की स्वरलेखनाच्या कागदांचे काम संपे; ते जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. ज्या वाद्यवृंदाचे सारे जीवन लिहिण्यावर चालले, त्याचे लिखित उरू नये, ही विसंगती इतिहासकारास बोचल्यावाचून राहत नाही. तिसरे कारण आपल्या दृष्टीचे. वाजविणारा तो ‘वाजंत्री’, ही जुनी भावना आधुनिक वाद्यवृंदाच्या काळातही गेली नाही.

अलीकडील काळात या परिस्थितीत थोडा पालट झाला आहे. इंग्रजीत ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटवादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये, आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईतील जाझचा इतिहास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीत त्या तोडीचे काम व्हावयाचे आहे. वस्तुतः मराठीस त्यासाठी अनुकूलता अधिक आहे, कारण सी. रामचंद्र, दत्ताराम, मंगेशकर कुटुंब, लक्ष्मीकांत ही सारी मंडळी मराठी-कोकणी परिसरातील होत, आणि त्यांच्या आठवणींची भाषाही बहुधा हीच होती.

शिक्षणाच्या क्षेत्रातही नवे प्रयत्न दिसतात. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स येथे २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला. गोव्यात २००९ पासून ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ ही संस्था वंचित कुटुंबांतील मुलांना व्हायोलिन आदी वाद्ये शिकवीत आहे. अशा मुलांच्या तंतुवाद्यवृंदापुढे एखादा जाझचा सॅक्सोफोनवादक उभा राहिला, तर त्या मुलांना काय शिकविलेले असावे? वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, केवळ चांगले वाचन पुरेसे नाही, आणि वाचन सोडून केवळ कानावर विसंबणेही पुरेसे नाही. जुन्या गोमंतकीय वादकास दोन्ही मिळाले, ते योजनेने नव्हे. वाचन चर्चने दिले, कान हॉटेलाने दिला आणि दोहोंची सक्ती पोटाने केली. ती परिस्थिती परत येणे नाही, येऊही नये. पण त्या परिस्थितीने जे घडविले, ते आज शिक्षणक्रमाने हेतुपूर्वक घडवावे लागेल : सकाळी स्वरवाचन, तर सायंकाळी कागद मिटून नुसते ऐकणे आणि प्रत्युत्तर देणे.

इतिहासाच्या अभ्यासकापुरते बोलावयाचे तर एक छोटी सवयही पुष्कळ काम करील. चित्रपटगीतावर प्रबंध लिहिणारा पदव्युत्तर विद्यार्थी कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे देतो. त्याने चौथे नाव शोधावे, वाद्यवृंदसंयोजकाचे. आणि मिळाल्यास पाचवे, ज्याचा सॅक्सोफोन अथवा व्हायोलिन त्या गीतात एकट्याने ऐकू येतो त्याचे. हॉटेलांच्या जुन्या जाहिराती, वादकांना दिलेल्या मोबदल्याच्या वह्या, चर्चमधील नोंदी आणि वृद्ध वादकांच्या आठवणी ही त्याची साधने होत. यांपैकी शेवटचे साधन दरवर्षी कमी होत आहे. म्हणून कामाचा प्रारंभ तेथूनच करणे इष्ट.